प्रताधिकाराची मुदत आणि जुनी पुस्तके

जुने पुस्तक इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य ठेवता येईल की नाही, हे भारतात बहुतांशी पुस्तकाच्या वयावर नव्हे, तर लेखकाच्या मृत्यूच्या वर्षावर ठरते. प्रताधिकार, म्हणजेच कॉपीराइट, लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनाचे वर्ष संपल्यानंतर ६० वर्षे टिकतो. त्यानंतर येणाऱ्या १ जानेवारीला ते साहित्य सर्वांसाठी खुले होते. मरणोत्तर प्रकाशित झालेल्या साहित्याची मुदत मात्र प्रकाशनापासून मोजली जाते. बहिणाबाई चौधरी यांचे निधन १९५१ मध्ये झाले, त्यांची गाणी पुस्तकरूपाने १९५२ मध्ये आली; म्हणून ती २०१३ च्या आरंभी खुली झाली.

१९५७ च्या कायद्यात ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोर यांचे निधन १९४१ मधील असल्याने त्यांच्या साहित्यावरील विश्वभारतीचे हक्क १९९१ अखेर संपणार होते. त्या सुमारास वटहुकूम निघाला आणि १९९२ च्या दुरुस्तीने मुदत १० वर्षांनी वाढली. ही वाढ एका लेखकापुरती राहिली नाही. १९५० मध्ये निवर्तलेल्या साने गुरुजींचे साहित्य २००१ ऐवजी २०११ मध्ये खुले झाले.

देशोदेशीच्या मुदती वेगळ्या असल्याने गुंतागुंत वाढते. जॉर्ज ऑर्वेल यांचेही निधन १९५० मधील. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके भारतात २०११ मध्ये, ब्रिटनमध्ये २०२१ मध्ये खुली झाली. अमेरिकेत मात्र त्यांच्या १९४९ च्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ या कादंबरीचे हक्क २०४४ अखेरपर्यंत आहेत. साहजिकच भारतात मुक्त असलेले पुस्तक अमेरिकेतील ई-ग्रंथालयाला देता येईलच असे नाही.

दीर्घ मुदतीमुळे लेखकाच्या वारसांना उत्पन्न मिळते, हे खरे. परंतु हा लाभ प्रामुख्याने सतत खपणाऱ्या मोजक्या पुस्तकांनाच होतो. ज्यांची आवृत्ती अनेक दशके निघालेली नाही, अशी पुस्तके दुकानात मिळत नाहीत आणि वारसांचा शोध लागेपर्यंत इंटरनेटवरही खुलेपणाने ठेवता येत नाहीत. दरम्यान ग्रंथालयांतील प्रती जीर्ण होत जातात. मुदत संपेपर्यंत प्रत उरेल का, हाच त्यांच्यापुढील खरा प्रश्न होय.

मूळ पुस्तक खुले झाले, तरी त्याचा नवा अनुवाद, प्रस्तावना, टीपा वा चित्रे यांचे हक्क स्वतंत्र असतात. उलटपक्षी, हक्कधारकांनी परवानगी दिल्यास कोणतेही पुस्तक मुदतीपूर्वीही वाचकांसाठी खुले होऊ शकते.