ओझरची धावपट्टी आणि बांधापलीकडचा शेतकरी

विमानतळ व भूधारक यांच्या संबंधांचा इतिहास लिहिताना बहुधा संपादित जमिनीचाच हिशेब मांडला जातो. क्षेत्र किती घेतले, दर काय दिला, कुटुंबे किती उठली, एवढ्यावर विवेचन थांबते. परंतु ज्याची जमीन घेतली गेली नाही, मात्र जिचा बांध धावपट्टीच्या कुंपणाला लागला, त्या शेतकऱ्याचे स्थान कोणते, हा प्रश्न मागे राहतो. नाशिक जिल्ह्यातील ओझरच्या उदाहरणावरून या प्रश्नाचा विचार करणे उपयुक्त ठरेल.

ओझरची धावपट्टी प्रवाशांसाठी निर्माण झाली नाही. मिग-21 विमानांच्या उत्पादनासंबंधी 1962 साली सोव्हिएत संघाशी करार झाला. त्याच वर्षी चीनचे आक्रमण झाले आणि यशवंतराव चव्हाण यांनी संरक्षण खात्याची सूत्रे स्वीकारली. पुढल्या वर्षी ते नाशिक मतदारसंघातून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसातील कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी उत्पादनाची वाटणी ठरली. 1964 साली हिंदुस्थान एरोनॉटिक्स या नव्या संस्थेची स्थापना झाली व ओझरचा कारखाना तिच्या विभागांपैकी एक झाला. राष्ट्रसंरक्षण आणि रोजगार ही दोन कारणे इतकी प्रबळ होती, की भूधारकाच्या गाऱ्हाण्यास त्या वातावरणात फारसा अवकाश उरणे कठीण होते.

त्या काळी भूसंपादनाचा आधार म्हणजे 1894 चा कायदा. त्यात 1923 साली कलम 5अ घालण्यात आले व हरकत घेण्याची सोय झाली. पण ती केवळ अधिसूचित जमिनीत हितसंबंध असणाऱ्या व्यक्तीलाच होती. शेजारचा शेतकरी त्या व्याख्येत बसत नव्हता. मोबदल्याच्या बाबतीतही हाच प्रकार दिसतो. एखाद्या खातेदाराची काही जमीन गेली आणि त्यामुळे त्याच्याच उरलेल्या जमिनीचे नुकसान झाले, तर कलम 23 अन्वये ते विचारात घेतले जाई. ज्याचा एक गुंठाही गेला नाही, त्याचे तसेच नुकसान मात्र हिशेबाबाहेर राही. उलटपक्षी, प्रकल्पामुळे जमिनीची किंमत वाढणार असेल, तर ती वाढ कलम 24 प्रमाणे जमीन देणाऱ्याच्या मोबदल्यात धरली जात नसे. तात्पर्य, जमीन गमावणाऱ्यास वाढीव मूल्य मिळत नसे आणि शेजाऱ्यास झालेली हानी भरून मिळत नसे. कायद्याची ही दुहेरी उणीव विमानतळाच्या बाबतीत विशेष तीव्र होते. कारण विमानतळाचा परिणाम त्याच्या कुंपणापाशी थांबत नाही.

हा परिणाम आकाशमार्गाने पसरतो. विमाने खाली येण्याच्या मार्गात इमारतीची व झाडाची उंची मर्यादित ठेवावी लागते. पक्षी जमू नयेत म्हणून परिसरात कत्तलखाना वा उघडा कचरा यांस मनाई असते. संरक्षण आस्थापनांभोवतीच्या जमिनींच्या वापरावर निर्बंध घालण्याचा अधिकार 1903 च्या कायद्याने सरकारला दिला होता आणि त्याबरोबर नुकसानभरपाईची पद्धतही घालून दिली होती. 1934 च्या विमान कायद्यात 1972 साली कलम 9अ आले व विमानतळापासून 20 किलोमीटरपर्यंत बांधकामास आणि वृक्षारोपणास आळा घालता येऊ लागला. म्हणजे सातबाऱ्यावरील नाव कायम राहूनही मालकीतील काही अधिकार कमी होऊ शकतात, हे कायदेमंडळाने मान्य केले होते. गोंगाटाच्या बाबतीत मात्र तशी स्पष्टता आली नाही.

अमेरिकेत हा प्रश्न न्यायालयापुढे आला. उत्तर कॅरोलायनातील ग्रीन्सबरोजवळच्या एका कोंबडीपालकाच्या जमिनीवरून लष्करी विमाने सुमारे 83 फूट उंचीवरून जात. कोंबड्या घाबरून भिंतींवर आपटत व मरत. अखेर त्याला धंदा बंद करावा लागला. 1946 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की इतक्या खालून व वारंवार होणारे उड्डाण म्हणजे त्या जमिनीवरील सुविधाधिकार सरकारने घेणेच होय आणि त्याचा मोबदला देणे प्राप्त आहे. जमीन हाती न घेताही ती घेतली जाऊ शकते, हा या निर्णयाचा मथितार्थ आहे.

महाराष्ट्रात या विषयावरील लोकमताला वळण मिळाले ते नवी मुंबईत. सिडकोसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यावरून जानेवारी 1984 मध्ये उरण भागात आंदोलन झाले. पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक मृत्युमुखी पडले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील या लढ्यातून विकसित जमिनीपैकी 12.5 टक्के भाग मूळ मालकास देण्याचे तत्त्व पुढे आले. विमानतळासाठी ते प्रमाण 22.5 टक्के झाले. वाढीव मूल्यात मूळ मालकाचा वाटा मान्य झाल्याने कलम 24 मागील विचारसरणीला छेद गेला. 2013 च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचे मूल्यमापन आवश्यक केले व ज्यांची उपजीविका संपादित क्षेत्रावर अवलंबून आहे अशा शेतमजूर व कुळांनाही बाधित मानले. तथापि, बांधापलीकडचा भूधारक या सुधारणांमुळेही मुख्यतः बाहेरच राहिला.

ओझरला 2014 साली जानोरीच्या बाजूस प्रवासी इमारत झाली. नाशिकच्या व्यापारी व उद्योजक वर्गाला विमानसेवा हवी आहे आणि ती मागणी रास्त आहे. निफाड व दिंडोरी हे द्राक्षांचे तालुके असल्याने जलद वाहतुकीत बागायतदाराचेही हित आहे. म्हणून शेतकरी विरुद्ध विमानतळ अशी सरळ विभागणी येथे करता येत नाही. एकाच गावात एकाचा भूखंड महाग होतो व दुसऱ्याच्या घरावर मजला चढत नाही. आणि दोघांनाही आवाज तेवढाच सोसावा लागतो.

येत्या सिंहस्थाच्या निमित्ताने 2025 साली ओझरच्या दुसऱ्या, समांतर धावपट्टीच्या योजनेस चालना मिळाली. अशा वेळी लोकमत म्हणून नोंदले जाते ते प्रायः शहराचे. हरकतीचा अधिकार ज्याला कधी मिळालाच नाही, त्याची हरकत शासकीय दप्तरात आढळत नाही. तिच्या अभावावरून त्याची संमती गृहीत धरणे इतिहासलेखनाच्या दृष्टीने सदोष आणि नियोजनाच्या दृष्टीने अन्यायाचे होईल.