कर्णाचा खटला आणि खाल्लेले मीठ

दूरदर्शनवर २ ऑक्टोबर १९८८ रोजी बी. आर. चोप्रा यांची 'महाभारत' ही मालिका सुरू झाली आणि २४ जून १९९० रोजी तिचा ९४ वा, शेवटचा भाग दाखवला गेला. त्या काळात आमच्या बिलोली तालुक्यात घरोघरी टीव्ही नव्हते. ज्याच्याकडे असेल त्याच्या ओसरीत, अंगणात, खिडकीशी रविवारी सकाळी माणसे जमत. कोण ओसरीत बसणार आणि कोण खिडकीबाहेर उभा राहणार, हे जातीवरून ठरायचे, असे आमच्या वस्त्यांतली म्हातारी माणसे आजही सांगतात. भाग संपला की वाद सुरू व्हायचा आणि सर्वांत जास्त चालायचा तो कर्णाचा खटला. कर्ण दोषी की निर्दोष? त्याने मित्राला धरून राहावे की सख्ख्या भावांकडे जावे?

२०२० च्या मार्चअखेर टाळेबंदीत दूरदर्शनने हीच मालिका पुन्हा दाखवली, तेव्हा तोच वाद पुन्हा झाला. या वेळी तो मोबाईलवर झाला आणि त्यात आमच्या समाजातली शिकलेली मुलेही हिरिरीने उतरली. त्यातली बहुतेक कर्णाच्या बाजूने होती. म्हणूनच या वादाचा इतिहास तपासणे आम्हाला गरजेचे वाटते.

कुणी विचारेल, २२ प्रतिज्ञा घेतलेल्या बौद्धांनी महाभारताच्या भानगडीत पडावेच कशाला? त्याला आमचे उत्तर असे आहे. आपण हे ग्रंथ धर्मग्रंथ म्हणून मानत नाही, हे खरे. पण ते आपल्या घरात टीव्हीतून आले आहेत, आपल्या मुलांचे नायक ठरवत आहेत. बाबासाहेबांनीही हे ग्रंथ बाजूला टाकले नव्हते, ते वाचून त्यांना प्रश्न विचारले होते. त्या प्रश्नांचे काय झाले तेही आठवून पाहावे. १९८७ साली महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचे 'रिडल्स इन हिंदुइझम' प्रसिद्ध केले. त्या वेळी टीव्हीवर 'रामायण' चालू होते. जानेवारी १९८८ मध्ये अमरावतीत या ग्रंथाची होळी करण्यात आली, कारण त्यात राम आणि कृष्ण यांच्या वागण्याची चिकित्सा होती. फेब्रुवारीत मुंबईच्या रस्त्यावर आपला प्रचंड मोर्चा उतरला. अखेर या मजकुराशी शासन सहमत नाही, अशी टीप जोडून ग्रंथ कायम राहिला. म्हणजे त्याच वर्षी ऑक्टोबरनंतर कर्णाच्या दोषावर घरोघरी मोकळेपणाने बोलता येत होते, पण रामाच्या दोषावर बोलायला शासनाची टीप लागत होती. कोणाचा खटला चालवायचा आणि कोणाचा नाही, हेही या देशात आधीच ठरलेले असते.

सहानुभूती कुठून आली?

मराठी प्रेक्षक टीव्हीसमोर बसला तेव्हा त्याचा कर्ण आधीच तयार होता. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ ला आली, रणजित देसाईंची 'राधेय' १९७३ ला. तालुक्याच्या वाचनालयात या दोन कादंबऱ्यांच्या प्रती कायम बाहेर असत. इरावती कर्वे यांच्या 'युगान्त'ने कर्णाचे असे कौतुक न करता त्याची चिकित्सा केली होती, पण घराघरांत पोहोचला तो कादंबरीतला कर्ण.

आमच्या भागात आणखी एक कर्ण होता. बिलोली तेलंगणाच्या सीमेवर आहे. १९४८ पर्यंत इकडचे आणि तिकडचे लोक एकाच निजामाच्या राज्यात होते. बोधन, निजामाबादकडे कामाला जाणारी आपली माणसे तेलुगू सिनेमे पाहत. १९७७ साली एन. टी. रामाराव यांचा 'दान वीर शूर कर्ण' आला. त्यात त्यांनी कृष्ण, कर्ण आणि दुर्योधन या तिन्ही भूमिका स्वतः केल्या होत्या. जातीच्या नावाखाली कर्णाला अडवणाऱ्या गुरुजनांना त्यांचीच कुळे कशी मिसळलेली आहेत हे दुर्योधन भर सभेत सुनावतो, तो संवाद आजही तेलुगू माणसाला तोंडपाठ असतो. सीमेवरच्या आपल्या माणसांना तो प्रसंग का भावला असेल, हे वेगळे सांगायला नको. शाळेत, पाणवठ्यावर, देवळाच्या पायरीवर 'तू कोणाचा?' हा प्रश्न ज्याला विचारला गेला, त्याला कर्ण आपला वाटणारच.

या भावनेचा आम्ही अनादर करत नाही. पण दोन गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली, सूत हे अस्पृश्य नव्हते. ते सारथ्य करणारे, राजदरबारी वावरणारे लोक होते. दुसरी आणि महत्त्वाची, कथेत कर्ण शेवटी क्षत्रियच निघतो. प्रेक्षकाचे दुःख 'एका सूतपुत्रावर अन्याय झाला' एवढ्यावर थांबत नाही, 'अरेरे, हा तर खरा राजपुत्र होता' असे ते असते. म्हणजे अन्याय जातव्यवस्थेचा नाही, ओळख चुकल्याचा ठरतो. कर्ण खरोखरच अधिरथाचा आणि राधेचा पोटचा मुलगा असता, तर त्याच्यासाठी इतके अश्रू आले असते का?

याचे उत्तर महाभारतातच आहे. अंगठा कापून देणारा एकलव्य कोणाचाही गमावलेला राजपुत्र निघत नाही. लाक्षागृहाच्या आगीत एक निषाद बाई आणि तिचे पाच मुलगे जळून मरतात. त्यांचे देह पाहून पांडव मेले असे सर्वांना वाटते आणि पांडव सुटतात. त्या बाईला नावसुद्धा नाही. त्या सहा जणांच्या मृत्यूचा दोष कोणाचा, यावर रविवारी सकाळी कुठल्या ओसरीत वाद झाल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

ग्रंथातला कर्ण

कर्णाची बाजू घेणारे एक पुरावा नेहमी देतात. स्वयंवरात द्रौपदीने 'मी सूतपुत्राला वरणार नाही' असे म्हणून त्याचा अपमान केला, म्हणून तो पुढे तसा वागला. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी जवळपास पन्नास वर्षे खपून, शेकडो हस्तलिखिते ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली. या आवृत्तीच्या मूळ संहितेत द्रौपदीचा हा नकार नाही. तो काही हस्तलिखितांतला नंतरचा भाग ठरवून तळटीपेत टाकला आहे. बाईच्या तोंडी आधी अपमान घालायचा आणि मग तिच्या विटंबनेला कारण म्हणून तोच दाखवायचा, ही युक्ती जुनी आहे. आजही अत्याचाराच्या प्रत्येक बातमीनंतर 'तिने काय केले होते?' असे विचारणारे लोक आहेत.

द्यूतसभेत कर्ण काय करतो? तो द्रौपदीला वेश्या म्हणतो. तिची वस्त्रे काढून घे असे दुःशासनाला सांगणारा कर्णच आहे. त्याच सभेत दुर्योधनाचा सख्खा भाऊ विकर्ण उभा राहतो आणि हा अधर्म आहे असे स्पष्ट सांगतो. त्याला गप्प बसवणाराही कर्णच. म्हणजे कुटुंबाच्या विरोधात बोलणे त्या सभेत अशक्य होते, हा बचाव टिकत नाही. रक्ताचा भाऊ बोलला, उपकृत मित्र बोलला नाही.

युद्धाआधी कृष्ण कर्णाला भेटतो. तू कुंतीचा थोरला मुलगा आहेस, राज्य तुला मिळेल, द्रौपदीही तुझी होईल, असे आमिष दाखवतो. तिला कोणी विचारलेले नाही, हेही नोंदवून ठेवावे. कर्ण नकार देतो. त्या नकाराची दोन कारणे तो सांगतो आणि प्रेक्षक नेमकी ती एकत्र करून टाकतात.

पहिले कारण राधा आणि अधिरथ. ज्यांनी वाढवले, ज्यांच्या घरात लग्न झाले, मुलेबाळे झाली, त्यांना सोनेनाणे किंवा भीती यासाठी सोडणार नाही, असे कर्ण म्हणतो. हे आम्हाला पूर्ण मान्य आहे. जन्मापेक्षा माया मोठी, हे सांगणारा हा कर्ण जातीच्या विरोधात उभा आहे.

दुसरे कारण दुर्योधन. त्याच्या आश्रयाने तेरा वर्षे राज्य भोगले, आता त्याला सोडता येणार नाही. आणि याच संवादात कर्ण कबूल करतो की दुर्योधनाला खूश करण्यासाठी आपण पांडवांना जे कठोर बोललो, त्याचा आता पश्चात्ताप होतो. म्हणजे आपण चुकलो हे त्याला कळते. तरी तो जागचा हलत नाही. आमच्या मते कर्णाचा दोष इथे आहे. तो सूत असण्यात नाही, कुंतीला नाकारण्यातही नाही. उपकाराची परतफेड करताना त्याने स्वतःची सद्सद्विवेकबुद्धी गहाण ठेवली, हा त्याचा दोष.

मिठाला जागणे

'खाल्ल्या मिठाला जागला' ही मराठीत स्तुती आहे. पण ही स्तुती कोणाची होते? मालक नोकराच्या मिठाला जागला असे कोणी म्हणत नाही. मीठ नेहमी वरून खाली येते आणि निष्ठा खालून वर जाते.

मराठवाड्यात गुढीपाडव्याला सालगडी ठरतो. आधी उचल दिली जाते, मग वर्षभर तो माणूस त्या वाड्याचा. मालकाच्या भांडणात लाठी घेऊन उभे राहायचे ते त्यानेच, कोर्टात साक्ष द्यायची ती मालकाच्या बाजूने. महारकीतही हेच होते. शिळ्या भाकरीच्या बदल्यात पिढ्यान् पिढ्या राबायचे आणि वर उपकार मानायचे. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतनाविरुद्ध विधेयक आणले ते ही निष्ठेची साखळी तोडण्यासाठीच.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. ४ ऑगस्टला आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. जाळणारे परके नव्हते. ज्यांच्या शेतात आपली माणसे राबत होती, तेच होते. गावगाड्याच्या नजरेत नामांतराची मागणी म्हणजे कृतघ्नपणा होता. ज्यांच्या दारात भाकरी मागितली त्यांच्याच विरोधात जय भीम म्हणता? पोचिराम कांबळे यांनी जय भीम सोडले नाही. ते दुर्योधनाच्या मिठाला जागले नाहीत, म्हणून ते आमचे नायक आहेत.

'महाभारत' टीव्हीवर सुरू झाले तेव्हा या घटनेला दहा वर्षे झाली होती आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडायचे होते. मालिका चालू असतानाच संसदेने १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा केला. खिडकीबाहेर उभे राहून कर्णासाठी हळहळणाऱ्या माणसाच्या डोक्यावर हा सगळा इतिहास होता.

कृतज्ञतेची मर्यादा

मग कर्णाने काय करायला हवे होते? उपकार विसरायचे का? नाही. याचे उत्तर बाबासाहेबांनी जगून दाखवले आहे.

१९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले. बदल्यात दहा वर्षे बडोद्याची नोकरी करण्याचा करार होता. १९१७ साली ते बडोद्याला रुजू झाले. कचेरीत शिपाई लांबून फायली फेकत. राहत्या पारशी वसतिगृहातून त्यांना हाकलले. त्यांनी बडोदे सोडले. महाराजांविषयीचा आदर त्यांनी आयुष्यभर ठेवला, पण त्या आदरापोटी अपमान सोसत बसले नाहीत.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी आयरिश देशभक्त डॅनियल ओ'कॉनेल यांचा दाखला दिला. कृतज्ञतेला मर्यादा असते, असा त्याचा आशय. पुरुषाने स्वाभिमान, स्त्रीने शील आणि राष्ट्राने स्वातंत्र्य देऊन कोणाचे उपकार फेडायचे नसतात. हे ते कर्णाविषयी बोलत नव्हते, व्यक्तिपूजेच्या धोक्याविषयी बोलत होते. पण कर्णाच्या खटल्याचा निकाल याहून स्पष्ट शब्दांत देता येणार नाही. पुढे १९५१ साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याच्या कारणांत हिंदू कोड बिल रखडवले जाणे हे एक मोठे कारण होते. स्त्रियांच्या हक्काचा प्रश्न आला तेव्हा ते सभेत खुर्ची धरून बसले नाहीत.

महाभारतातही असा एक माणूस आहे. धृतराष्ट्राला वैश्य स्त्रीपासून झालेला मुलगा युयुत्सू. युद्ध सुरू होण्याआधी तो शंभर भावांना सोडून दुसऱ्या बाजूला गेला. त्याच्यावर 'मृत्युंजय'सारखी कादंबरी गाजली नाही. घराशी बेइमान ठरून न्यायाची बाजू घेणारा माणूस आपल्या समाजाला नायक म्हणून चालत नाही.

आजच्या मालिका

आता रविवारची वाट पाहावी लागत नाही. रोज संध्याकाळी मालिका असतात आणि आमच्या बचत गटातल्या बायाही त्यावर तावातावाने बोलतात. स्टार प्रवाहवर २०१९ च्या डिसेंबरमध्ये 'आई कुठे काय करते' सुरू झाली. अरुंधतीने फसवणाऱ्या नवऱ्याला सोडले, पुढे दुसरे लग्न केले, तेव्हा 'या वयात? मुलांचा तरी विचार करायचा' असे म्हणणाऱ्या बाया होत्या, तशाच 'बरे केले' म्हणणाऱ्याही होत्या. हा वाद आम्हाला फालतू वाटत नाही. अरुंधतीबद्दल बोलता बोलता बाई स्वतःच्या घराबद्दल बोलत असते. तिथेही तेच विचारले जाते: कोणाशी निष्ठा ठेवायची? नवऱ्याशी, सासरशी की माहेरशी? न्यायाशी, स्वतःशी, हा पर्याय बहुतेक वेळा यादीतच नसतो.

कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे की मालिका पाहणाऱ्यांना हसू नका. त्यांच्या वादात बसा आणि हा राहिलेला पर्याय पुढे ठेवा. मुलगा म्हणाला, कर्ण माझा हिरो, तर त्याला विचारा, राधेचा मुलगा म्हणून की दुर्योधनाचा मित्र म्हणून? राधेचा मुलगा म्हणून असेल तर त्याला जवळ घ्या. दुर्योधनाचा मित्र म्हणून असेल तर त्याला पोचिराम कांबळे यांची गोष्ट सांगा. निवडणुकीत उचल घेऊन, पुढाऱ्याच्या मिठाला जागून आपल्याच वस्तीविरुद्ध उभी राहणारी पोरे आज प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यातल्या अनेकांना आपण चुकतोय हे कर्णासारखेच कळते. त्यांना परत आणायचे असेल, तर उपकार आणि गुलामी यांतला फरक आधी समजावून सांगावा लागेल.

जय भीम!