विमान केवढें असावें?

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गें मुंबईस जुहू येथें उतरले. पुढें तेंच टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं बल्लारीमार्गें मद्रासला पोंचविलें. विमान होतें ‘पस मॉथ’. एकाच एंजिनाचें, दोनतीन माणसांपुरतें. सरकारचें अनुदान नव्हतें. जेवढें टपाल न्यावें तेवढाच मोबदला. उत्पन्न टपालाच्या वजनावर आणि खर्च विमानाच्या आकारावर! विमान चिमुकलें होतें म्हणून हिशेब जुळला, व पहिल्याच वर्षीं धंदा नफ्यांत आला.

आगगाडीस गर्दी झाली तर दोन डबे जोडतां येतात, ओसरली तर सोडतां येतात. विमानाला ही सोय नाहीं. खुर्च्या भरोत वा न भरोत, इंधन, वैमानिकांचें वेतन व विमानतळाचें भाडें यांचा भार फारसा हलका होत नाहीं. शिवाय आज रिकामी गेलेली खुर्ची उद्यांच्या बाजारांत विकतां येत नाहीं.

मग विमान लहानच घ्यावें काय? तसेंही नाहीं. १९३३ सालच्या ‘बोइंग २४७’ मध्यें अवघे १० उतारू बसत, ‘डी. सी. २’ मध्यें १४, तर १९३६ सालीं सेवेंत आलेल्या ‘डी. सी. ३’ मध्यें २१. खुर्च्या दीडपट झाल्या, खर्च मात्र थोडाच वाढला. टपालाच्या सरकारी मोबदल्यावांचून, केवळ उतारूंच्या भाड्यावर पोट भरूं शकणारें पहिलें विमान, असा त्याचा लौकिक झाला. न्यूयॉर्क-शिकागोसारख्या मार्गावर तेवढे उतारू मिळत होते, हें येथें विसरतां कामा नये.

याच यशाच्या लोभानें पुढें भूल पडली. जानेवारी १९७० मध्यें ‘पॅन अमेरिकन’नें ‘बोइंग ७४७’ न्यूयॉर्क-लंडन मार्गावर आणलें. साडेतीनशेंवर उतारूंची सोय होती. परंतु मंदी आली, १९७३ सालीं तेल महागलें, आणि खुर्च्या ओस पडूं लागल्या. ‘अमेरिकन एअरलाइन्स’नें तर आपल्या ‘७४७’ च्या मागील भागांत बैठकीची खोली करून तेथें पियानो ठेविला! एवढी जागा रिकामी होती.

दुमजली ‘एअरबस ए-३८०’ २००७ सालीं सेवेंत आलें. परंतु तोंवर दोन एंजिनांचीं, कमी खुर्च्यांचीं विमानें दूरदूरचीं शहरें थेट जोडूं लागलीं होतीं. २०२१ मध्यें शेवटचें ‘ए-३८०’ कारखान्यांतून बाहेर पडलें. एकंदर विमानें २५१. मात्र त्यांतील जवळजवळ निम्मीं एकट्या ‘एमिरेट्स’नें घेतलीं. नाना देशांचे उतारू दुबईंत एकत्र येतात व तेथून पुढें पांगतात. त्या गर्दीला तें अवाढव्य विमान मानवलें. इतरत्र तेंच डोईजड झालें.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असें आपण म्हणतों. विमानाच्या धंद्यांत अंथरूण म्हणजे मार्गावरचे उतारू. त्याहून लांब पाय पसरले तर ते उघडे पडतात, हें तर खरेंच. परंतु अंथरूण ऐसपैस असतां पाय आखडून निजणाराही तोट्यांतच राहतो.