अलिखित आज्ञा आणि कथेची साक्ष : जेजू बेटावरील साम्यवादविरोधी दले

विशिष्ट प्रदेशात वैध बलप्रयोगाची मक्तेदारी यशस्वीपणे सांगणारी संस्था म्हणजे राज्यसंस्था, ही माक्स वेबरची १९१९ मधील व्याख्या सर्वपरिचित आहे. साम्यवादविरोधी स्वयंघोषित रक्षकदलांचा इतिहास या व्याख्येला अडचणीत आणतो. ही दले सैन्याचा भाग नसतात. परंतु सैन्याच्या आश्रयावाचून ती टिकतही नाहीत. त्यांच्या या संबंधाला ‘अनौपचारिक’ असे म्हटले जाते. मात्र अनौपचारिकता म्हणजे संबंधाचा सैलपणा नव्हे. संबंधाची उपयुक्तता तिच्यातच असते. आज्ञा लेखी नसली की तिचे उत्तरदायित्वही कोणाकडे उरत नाही. दक्षिण कोरियातील जेजू बेटाचा इतिहास या दृष्टीने तपासण्यासारखा आहे.

१९४५ मध्ये जपानी सत्ता संपल्यावर कोरियाच्या उत्तरेत सोव्हिएत आणि दक्षिणेत अमेरिकी लष्करी प्रशासन आले. उत्तरेत १९४६ मध्ये जमिनींचे फेरवाटप झाले. तेथून विस्थापित होऊन आलेल्या तरुणांनी त्याच वर्षाच्या अखेरीस सोलमध्ये ‘वायव्य युवक संघटना’ उभारली. ‘वायव्य’ हे त्यांच्या गमावलेल्या प्रदेशाचे नाव होते. जेजूमध्ये १ मार्च १९४७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात ६ जण ठार झाले, बेटावर सार्वत्रिक संप झाला आणि त्यानंतर या संघटनेचे तरुण तेथे येऊ लागले. त्यांना नियमित वेतन नव्हते. राष्ट्रध्वज आणि सिंगमन री यांची छायाचित्रे बेटवासीयांना सक्तीने विकून ते निर्वाह करीत. म्हणजे वेतनाच्या जागी त्यांना मोकळीक मिळाली होती. ३ एप्रिल १९४८ रोजी डाव्या बंडखोरांनी पोलीस ठाण्यांवर आणि उजव्या संघटनांच्या लोकांवर हल्ले केले, त्यामागे फाळणी कायम करणाऱ्या निवडणुकीचा विरोध होता, तसाच या जाचाविषयीचा संतापही होता.

१७ नोव्हेंबर १९४८ रोजी बेटावर लष्करी कायदा जारी झाला. किनाऱ्यापासून ५ किलोमीटरच्या पलीकडचा अंतर्भाग आधीच निषिद्ध ठरवला गेला होता. आता तेथील गावे जाळली गेली. याच काळात संघटनेच्या अनेक सदस्यांच्या अंगावर पोलिसांचा वा सैन्याचा गणवेश आला. माणसे तीच, द्वेषही तोच. बदलले ते केवळ त्यांचे अधिकृत स्थान. १९५४ पर्यंत चाललेल्या या संहारात २५,००० ते ३०,००० माणसे मृत्युमुखी पडली असावीत, असा अंदाज आहे. हे प्रमाण तत्कालीन लोकसंख्येच्या जवळजवळ एक दशांश होते.

पुढील हुकूमशाही राजवटींत मृतांविषयी बोलणे म्हणजे साम्यवादी ठरणे होते. दक्षिण कोरियात हे मौन भेदले ते ह्यॉन गी-यॉङ यांच्या ‘सुनी सामछोन’ या १९७८ मधील कथेने. त्यासाठी लेखकाला अटक आणि छळ सोसावा लागला, पुस्तकावर बंदी आली. कथेत एकाच रात्री गावातील घरोघरी श्राद्धविधी होतात, कारण सर्वांचे मृत्यू एकाच दिवशी घडलेले असतात. ज्या मृत्यूंची जाहीर नोंद करण्यास मनाई होती, त्यांची तिथी गावाने विधीतून जपली होती.

तथापि कथेतील सर्वांत अस्वस्थ करणारे पात्र मृतांपैकी नाही. निवेदकाच्या आत्याचा नवरा पूर्वी वायव्य युवक संघटनेत होता. बेटावर लग्न करून तो तीस वर्षे राहिला, तेथील बोली बोलू लागला. परंतु त्या दिवसांचे समर्थन करताना त्याच्या तोंडी पुन्हा उत्तरेकडील बोली येते. हा तपशील केवळ स्वभावचित्रणाचा नाही. गणवेश न घालता आलेला मारेकरी समाजात नातलग म्हणून मिसळू शकतो, श्राद्धाच्या पंगतीलाही बसू शकतो. सैन्य छावणीत परतते. असा माणूस गावातच राहतो. अनौपचारिक हिंसेचा हा दीर्घ परिणाम कोणत्याही लष्करी दप्तरात सापडणार नव्हता. तो बोलीच्या बदलातून ऐकू आला.

२००० मध्ये विशेष कायदा लागू झाला आणि २००३ मध्ये शासकीय चौकशी-अहवाल आला. नोंदवल्या गेलेल्या १४,०२८ बळींपैकी ७८.१ टक्के दमन करणाऱ्या दलांच्या आणि १२.६ टक्के बंडखोरांच्या हातून मारले गेल्याचे त्यात नमूद आहे. या ‘दमन करणाऱ्या दलां’त सैनिक व पोलिसांसह उजव्या युवक संघटनाही मोजल्या आहेत, ही गोष्ट आकड्यांइतकीच महत्त्वाची आहे. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष रोह मू-ह्यॉन यांनी राज्याच्या वतीने क्षमा मागितली. जो संबंध अर्धशतकापूर्वी जाणीवपूर्वक अलिखित ठेवला गेला, तो अशा रीतीने राज्याच्याच हिशेबात लिहिला गेला. त्या लेखनाची पूर्वतयारी पंचवीस वर्षे आधी एका कथेने केली होती.