इंदापूरचा सर्व्हे आणि डेटा जपण्याचा खर्च

सातबाऱ्यावर आज गट नंबर दिसतो. त्याआधी असायचा सर्व्हे नंबर. मुंबई इलाख्यातली ही सर्व्हेची पद्धत आधी कुठे राबवली गेली, माहितीये? आपल्या इंदापूर तालुक्यात. माझा विषय आहे संशोधनाचा डेटा दीर्घकाळ जपायला किती खर्च येतो हा, आणि त्यासाठी मला इंदापूरइतकं चांगलं उदाहरण सापडत नाही.

1820 च्या दशकात प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनची मोजणी केली. खर्च वजा जाता शेतात उरतं किती, यावर त्याने सारा ठरवला. कागदावर हिशेब चोख, पण आकारणी जड आणि नोंदी सदोष. इंदापुरात जमिनी पडीक पडल्या. मग 1835 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट कामाला लागले. 33 फुटांची साखळी, तिचा चौरस म्हणजे एक गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर. मातीची खोली, रंग, दोष बघून आण्यांत प्रत लावायची. 1836 पासून इंदापुरात 30 वर्षांसाठी सारा ठरवून दिला गेला.

आता गंमत बघा. या नोंदी टिकल्या, कारण सरकारला दरवर्षी सारा वसूल करायचा होता. कुलकर्ण्यांनी, पुढे तलाठ्यांनी वह्या उतरवल्या, दप्तरं रुमालात बांधली. म्हणजे जपणुकीचा खर्च होताच, फक्त तो वसुलीच्या खर्चात मिसळलेला होता. शिवाय 1847 च्या संयुक्त अहवालात मोजणी आणि प्रतवारी कशी करायची, हे लिहून ठेवलं होतं. आजच्या भाषेत हा मेटाडेटा. तो नसता तर 'आठ आणे' म्हणजे कसली माती, हे आपल्याला कसं कळणार?

आज बारामतीजवळ माळेगाव खुर्दला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे, 2009 पासूनची. दुष्काळ, उष्णता, क्षार यांवर तिथे काम चालतं. अशा संशोधनाचा डेटा आता फाइलींत असतो. रुमालातला कागद वाळवी आणि ओल यांपासून वाचला, तर शंभर वर्षं कुणी हात न लावताही वाचता येतो. फाइलीचं तसं नाही. हार्ड डिस्क काही वर्षांत बदलावी लागते. युनिकोडच्या आधीच्या फाँटात टाइप केलेलं मराठी आज उघडलं की भलतीच अक्षरं दिसतात, हा अनुभव तुम्हालाही असेल. ब्रिटनमध्ये 1086 चं डूम्सडे बुक अजून वाचता येतं; त्याच्या नवशतकानिमित्त बीबीसीने 1986 मध्ये काढलेल्या लेझर डिस्क मात्र पंधरा-वीस वर्षांतच वाचेनाशा होऊ लागल्या. त्या वाचवायला वेगळा प्रकल्प काढावा लागला.

'डिस्क स्वस्त झाल्या की, मग खर्च कसला?' असं कुणीही विचारेल. 2008 मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या 'कीपिंग रिसर्च डेटा सेफ' या अभ्यासाने दाखवलं, की साठवण हा खर्चाचा लहान भाग. मोठा भाग माणसांचा: डेटा तपासून, नीट लावून आत घेणं आणि मागेल त्याला तो वापरता येईल असा देणं.

आणि इथेच खरी अडचण आहे. प्रकल्पाचा निधी तीन-पाच वर्षांचा, डेटाची गरज पन्नास वर्षांची. इंदापूरच्या नोंदींमागे महसूल उभा होता. उजनीच्या काठची जमीन किती खारावली, याच्या नोंदींमागे कोण उभं राहणार? सगळंच जपायची गरज नाही. प्रयोग परत करता येत असेल, तर त्याचा डेटा सोडून देता येतो. पण 1972 च्या दुष्काळाची मोजमापं पुन्हा घेता येणार नाहीत. काय ठेवायचं हे ठरवणं आणि त्याचे पैसे प्रस्तावातच मागणं, हे प्रकल्प सुरू होतानाच करावं लागतं. निधी संपल्यावर ते करायला कुणी उरलेलं नसतं.