ताप उतरल्यावर उरलेले दुखणे

साथीच्या रोगाचा सरकारी हिशेब तापापासून सुरू होतो आणि ताप ओसरला की मिटतो. गावे किती, रुग्ण किती, रक्तनमुने किती, मृत्यू किती, एवढेच त्याचे रकाने. चिकुनगुनियाला हे रकाने पुरत नाहीत. या रोगाचा ताप आठवडाभराचा, पण सांधेदुखी महिनोन्‌महिने आणि काहींच्या बाबतीत वर्षानुवर्षे चालते. इतिहासात मात्र या रोगाची पाळेमुळे शोधता आली ती नेमकी या मागे उरलेल्या दुखण्यावरूनच.

आधी नावाविषयी. 1952-53 मध्ये टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, मकोंडे पठारावर तापाची मोठी साथ आली. डॉ. मॅरियन रॉबिन्सन यांनी 1955 मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. स्थानिक मकोंडे भाषेत लोक या रोगाला 'वाकवून टाकणारा' अशा अर्थाचा शब्द वापरत. तोच 'चिकुनगुनिया'. नाव देणाऱ्यांनी तापाकडे पाहिले नाही, रुग्णाच्या चालण्याकडे पाहिले. आपल्याकडे त्याचे 'चिकनगुनिया' झाले. 2006 च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघून कोंबड्या मारल्या गेल्या होत्या. त्यामुळे हा नवा आजार कोंबडी खाल्ल्याने होतो, असे पुष्कळांना मनापासून वाटत होते.

आता जुन्या कागदांकडे वळू. 1779 मध्ये बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, डेव्हिड बायलन या डॉक्टरने सांधे धरणाऱ्या तापाची नोंद केली. 1823 मध्ये झांझिबारला आणि 1824 मध्ये कोलकात्याला अशाच साथी आल्या. 1870 नंतरची साथ झांझिबारहून एडनमार्गे जहाजांबरोबर मुंबईला उतरली आणि पुढे हिंदुस्थानभर पसरली. झांझिबारमधील डॉक्टर जेम्स ख्रिस्ती यांनी तिचा प्रवास बारकाईने लिहून ठेवला. त्या काळात या सगळ्याला 'डेंगी' म्हटले गेले. आपल्याकडचा 'हाडमोड्या ताप' तोच.

1971 मध्ये डोनाल्ड कॅरी या संशोधकाने हे जुने कागद पुन्हा वाचले आणि एक शंका काढली. डेंगीत अंग मोडून येते, पण ते साधारणपणे तापाबरोबर ओसरते. या वर्णनांत तर ताप गेल्यावरही सांधे सुजलेले, आखडलेले, कित्येक आठवडे दुखत राहिलेले दिसतात. तेव्हा 'डेंगी' म्हणून नोंदलेल्या यांतल्या काही साथी मुळात चिकुनगुनियाच्या असाव्यात, असे त्यांनी मांडले. त्या साथींचा रक्ताचा थेंबही कुणाकडे उरलेला नव्हता. पुरावा होता तो डॉक्टरांच्या वर्णनातल्या दोन-चार वाक्यांचा. रुग्ण बरा झाल्यावरही त्याला काय दुखते, हे त्यांनी विचारले आणि लिहून ठेवले, म्हणून दीडशे वर्षांनी रोग ओळखता आला.

स्वतंत्र भारतातल्या साथींचा माग काढण्यात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचा मोठा वाटा आहे. 1952 मध्ये सुरू झालेली ही संस्था आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. 1963 ला कोलकाता, 1964 ला मद्रास, 1965 ला नागपूर आणि 1973 ला सोलापूर जिल्ह्यातले बार्शी. बार्शीत पाहणी केलेल्या लोकांपैकी 37.5 टक्के आजारी पडले होते. 1973 म्हणजे दुष्काळाचे शेपूट. पाणी जपून रांजणात, पिंपात भरून ठेवण्याचे ते दिवस, आणि हा विषाणू पसरवणारा एडिस डास वाढतो तो अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात. या दोन गोष्टींचा संबंध मला उघड दिसतो. पाणीटंचाईच्या मुलखात राहणाऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही.

त्यानंतर तीस वर्षे रोग जवळजवळ विस्मरणात गेला. 2004 मध्ये तो केनियाच्या किनाऱ्यावर उफाळला, कोमोरोस आणि रियुनियन बेटांवरून 2005 च्या अखेरीस आंध्र-कर्नाटकात आला आणि 2006 मध्ये महाराष्ट्रभर पसरला. त्या वर्षी देशात सुमारे 13 लाख 90 हजार संशयित रुग्ण नोंदले गेले. सरकारी आकड्यांत चिकुनगुनियाचे मृत्यू शून्य. अहमदाबादच्या मृत्युनोंदी तपासणाऱ्या अभ्यासकांना मात्र ऑगस्ट ते नोव्हेंबर 2006 या चार महिन्यांत अपेक्षेपेक्षा 2,944 मृत्यू जास्त आढळले. जिथे मृत्यूच रकान्यात बसले नाहीत, तिथे मनगटाच्या दुखण्याला कोण विचारणार?

सिंदखेड राजा तालुक्यातले दुसरबीड हे माझे गाव. विदर्भ इथे मराठवाड्याला टेकतो. त्या साथीविषयी मी गावातल्या आणि आसपासच्या वयस्क बायकांशी बोलत आलो आहे. तापाची तारीख कुणालाच आठवत नाही. कामे आठवतात. त्या साली सोयाबीन सोंगता आले नाही, विळा मुठीत धरवत नव्हता, कापूस वेचताना बोटे वळत नव्हती, सकाळी भाकरी थापण्याआधी हात गरम पाण्यात धरून बसावे लागे. एक्स-रेत काही दिसत नसे, रक्ताचा रिपोर्ट चांगला येई. मग घरातलेच म्हणत, ताप तर गेला, आता काय झालंय? रोजंदारीवर जगणारीला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही आणि घरी बसणेही परवडत नाही.

या दुखण्याचे मोजमाप पुढे झाले. पुद्दुचेरीच्या संशोधकांनी 2006 च्या साथीमुळे देशात वाया गेलेल्या निरोगी आयुष्याचा अंदाज काढला. तो 25,588 वर्षांचा भरला आणि त्यातला 69 टक्के वाटा ताप गेल्यानंतरच्या सांधेदुखीचा होता. म्हणजे रोगाचा दोन तृतीयांशाहून अधिक भार साथ 'आटोक्यात' आल्यावर सुरू झाला. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसच्या पथकाने सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावातले रुग्ण दोन वर्षे तपासले. बहुतेक जण सावरले, काही सावरले नाहीत. ते 'काही' कोण, हे कळायला दोन वर्षे त्यांच्या दारात जावे लागले.

2024 च्या पावसाळ्यात पुणे-नागपुरात चिकुनगुनिया पुन्हा वाढला. पुन्हा रोजचे आकडे छापून आले आणि थंडी पडताच थांबले. माझी मागणी छोटी आहे. आशाताईंच्या वहीत या रुग्णांपुढे दोन रकाने वाढवावेत: तीन महिन्यांनी काय दुखते, वर्षाने काय दुखते. त्याने गोळ्या-औषधांचा, व्यायामाचा आणि हलक्या कामाचा विचार करता येईल. आणि घरात 'नाटक करते' म्हणून ऐकून घेणाऱ्या बाईला दाखवायला निदान एक नोंद मिळेल. झांझिबारच्या डॉक्टरकडे यापेक्षा अधिक साधन नव्हते. त्याने विचारले आणि लिहिले, एवढेच.