गोंगाट आणि गजर

आरडाओरडा करणाऱ्या माणसांसाठी रोजच्या इंग्रजीत शब्दांचा तुटवडा नाही. घरची पोरे धुमाकूळ घालू लागली म्हणजे इंग्रज गृहिणी त्यांना ‘बॉइस्टरस’ म्हणते, आणि म्हणताना बहुधा हसते. तोच धुमाकूळ परक्या पोरांनी रस्त्यावर घातला की ती ‘राउडी’ ठरतात. त्यात हाणामारीची भर पडली की ‘हूलिगन’. हा शेवटचा शब्द १८९८ च्या उन्हाळ्यात लंडनच्या वर्तमानपत्रांनी घरोघर पोचविला. आवाज किती मोठा, यावरून या शब्दांचा उलगडा होत नाही. ऐकणारा कोण आणि ओरडणाऱ्याशी त्याचे नाते काय, हेच पाहावे लागते.

‘हॉब्सन-जॉब्सन’ हा शब्द याचा मासलेवाईक नमुना होय. मोहरमच्या मिरवणुकीत लोक छाती पिटून हसन-हुसेनांच्या नावाने आक्रोश करीत. तो आक्रोश गोऱ्या शिपायांच्या कानी पडला आणि त्यांच्या तोंडी त्याची दोन इंग्रजी आडनावे झाली. अर्थ उरला तो एवढाच, की नेटिवांचा काहीतरी जल्लोष चालला आहे! यूल आणि बर्नेल यांनी अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश रचला, तो १८८६ साली याच नावाने प्रसिद्ध झाला.

इंग्रजांना हसण्यापूर्वी आपण आपला ‘गोंधळ’ आठवावा. दिवटी पाजळून, संबळ-तुणतुण्याच्या साथीने गोंधळी अंबाबाईला आळवितात, त्या विधीचे हे नाव. आज स्टेशनावर गाडीची वेळ चुकली की सुशिक्षित मराठी माणूस कुरकुरतो ती ‘गोंधळा’बद्दलच.

मग नरसीच्या नामदेवांच्या टाळांना काय म्हणावे? वारकरी त्याला गजर म्हणतात. पण याच हिंगोली जिल्ह्यातील औंढ्या नागनाथाची आख्यायिका सर्वश्रुत आहे: देवळापुढे नामदेवांचे कीर्तन रंगले असता पुजाऱ्यांना त्या आवाजाचा उपद्रव वाटला, त्यांनी नामदेवांना मागल्या बाजूस घालविले, आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. पुजाऱ्यांच्या लेखी तो गोंगाट होता. त्यांच्या कानांना दोष द्यावा, तर घंटा, नगारा, शंख यांचा नाद तेच कान रोज आनंदाने सोशीत.

शिखांच्या ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांतील एका पदातही हाच प्रसंग आला आहे: भक्ती करीत असता देवळातून उठविले जाणे, मागे जाऊन बसणे, देवळाचे फिरणे. औंढ्याचे नाव तेथे नाही. परंतु आवाजाचेही नाही. नामदेवांना धरून उठविले ते त्यांची जात हीन म्हणून, असे पद उघड सांगते. टाळांचा त्रास होतो ही सबब कथेने पुजाऱ्यांच्या पदरी घातली. आम्हांस पदाची साक्ष अधिक खरी वाटते.